मशीन घेण्याआधी तिचा कार्बन मागा: घरच्या आणि हौसेच्या कामासाठी पॉवर टूल कसं निवडायचं



मागच्या व्हिडिओत आपण कूलर स्टँडचा हिशोब मांडला होता. लोखंडी अँगल किती, वेल्डिंग रॉड किती, रंग किती, आपल्या हातात काय उरतं, असं सगळं. त्यानंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकच आला: "सर, मशीन कोणती घेऊ?" व्हिडिओत मी त्याला दोन मिनिटं दिली, ती कमी पडली. म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडं गणित आहे.

आधी माझी फजिती ऐका.

आपल्या मोर्शीकडं होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली उतरतात. ताट्या बदला, पंप तपासा, खिडकीला स्टँड लावा. मी पहिला स्टँड घरासाठी केला, निव्वळ हौस म्हणून. शेजाऱ्यानं पाहिला, त्याला करून दिला. त्याच्या मेव्हण्यानं पाहिला. एका उन्हाळ्यात एकदम आठ स्टँडची ऑर्डर आली. माझ्याकडं तेव्हा ११५० रुपयांचा ग्राइंडर होता. डब्यावर मोठ्या अक्षरात "१२०० वॅट, हेवी ड्यूटी" लिहिलेलं, म्हणून घेतला होता. चांगल्या कंपनीचा २७०० ला होता, तेव्हा वाटलं, १५५० रुपये वाचले.

तीन स्टँड झाले. चौथ्याचा अँगल कापताना मागून ठिणग्या निघायला लागल्या, मग जळका वास, मग धूर. गावातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडं नेला. त्यानं उघडून पाहिलं, कार्बन पूर्ण झिजलेला, होल्डर वितळलेलं, आर्मेचर काळं. त्या मापाचा कार्बन मोर्शीत नाही. एसटीनं अमरावतीला गेलो, एक पूर्ण दिवस गेला, तिथं चार दुकानं पालथी घातली, तिथंही नाही. "भाऊ, हिचा माल येतच नाही," एवढंच उत्तर. परत येऊन तीन दिवस भाड्याचा ग्राइंडर आणला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकांनी तयार स्टँड दुसरीकडून घेतले, कारण ऊन कुणासाठी थांबत नाही.

हिशोब मांडला. दोन स्टँडचा नफा गेला ८००, अमरावतीची फेरी आणि बुडालेला दिवस ७००, भाडं ४५०. एकूण १९५०. म्हणजे वाचवले १५५०, घालवले १९५०, आणि नवीन मशीन घ्यावी लागली ती वेगळीच. वाइंडिंगवाले काका मला त्या दिवशी म्हणाले, "मशीन घेतली तवा हिचा कार्बन मागतला होता का?" मी गप्प. मशीन नवी असताना कार्बन कोण मागतं?

मागायचा असतो. आजच्या धड्यातली मुख्य गोष्ट हीच आहे, बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं.

कार्बन म्हणजे काय, आणि तो का मागायचा

तारेवर चालणारी ड्रिल मशीन, ग्राइंडर, मार्बल कटर, यांच्या आत बहुतेक वेळा एकाच जातीची मोटर असते. मधे फिरणारं आर्मेचर, बाहेर फील्ड कॉइल. फिरणाऱ्या आर्मेचरला करंट पोचवायला दोन बाजूंनी कार्बनचे दोन छोटे तुकडे स्प्रिंगनं दाबलेले असतात. ते घासतात, म्हणून ते झिजणारच. सायकलच्या ब्रेकचं रबर झिजतं तसं. यात दोष काही नाही, रचनाच तशी आहे. कार्बन वेळेवर बदलला तर मशीन वर्षानुवर्षं चालते. नाही बदलला तर तो आखूड होतो, नीट टेकत नाही, ठिणग्या मारतो, आणि आर्मेचरचा तांब्याचा भाग जाळून टाकतो. थोडक्या पैशाच्या तुकड्यापायी अर्ध्या मशीनचा खर्च उभा राहतो.

म्हणून दुकानात मशीन आवडली की पैसे काढायच्या आधी एवढंच म्हणा, "हिच्या कार्बनची एक जोडी पण द्या." मी हे केलं तेव्हा एक दुकानदार हसला: "काहून जी, कार्बन कायले पाहिजे? आत्ता तं मशीन नवीच आहे." पण मागितल्यावर त्याच्याकडं नव्हता. दुसऱ्या दुकानदारानं न बोलता ड्रॉवर उघडला आणि जोडी समोर ठेवली. मशीन मी दुसऱ्याकडून घेतली, १०० रुपये जास्त देऊन. ज्याच्याकडं कार्बन आहे, त्याच्याकडं बहुधा स्विच, बेअरिंग, आर्मेचरही येतं. आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर अमरावतीत आहे का, की नागपूरला पाठवावं लागतं, हेही त्यालाच माहीत असतं.

दुसरं पाहा: मशीनच्या दोन्ही बाजूंना कार्बनची गोल प्लास्टिकची झाकणं बाहेरून दिसतात का? दिसली तर स्क्रू ड्रायव्हरनं पाच मिनिटांत घरी कार्बन बदलता येतो. काही चांगल्या मशीनमध्ये कार्बन बदलायला मागचं कव्हर काढावं लागतं, तेही चालेल. पण पूर्ण बॉडी फोडावी लागत असेल तर दुकानदाराला तिथंच करून दाखवायला सांगा.

कंपनी कोणती, हे मी मुद्दाम सांगत नाही. परदेशी नावं तुम्हाला माहीत आहेत. पण आपल्या महाराष्ट्रातही हा धंदा जुना आहे, हे फार जणांना माहीत नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी १९७६ पासून आहे, आज तिचं नाव केपीटी इंडस्ट्रीज. तुमच्या गावात ज्या कंपनीचे सुटे भाग मिळतात, ती तुमच्यासाठी चांगली कंपनी. पुण्यात जी चांगली, ती मोर्शीत चांगली असेलच असं नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका

वॅट म्हणजे मशीन लाइनमधून किती वीज घेते तो आकडा. ती काम किती देते, हे त्यातून अर्धंच कळतं. आणि स्टिकरवर छापलेला आकडा खरा आहे का, हा प्रश्न वेगळाच. माझ्या त्या "१२०० वॅट"च्या ग्राइंडरनं ४० मिमीचा अँगल कापताना दम टाकला, आणि आता ८५० वॅटचा तोच अँगल सहज कापतो.

मशीनवरची छोटी पट्टी वाचा. त्यावर मॉडेल नंबर, व्होल्ट, वॅट, रिकाम्या चालीतले आरपीएम आणि क्षमता (ड्रिल असेल तर लोखंडात किती मिमी, काँक्रीटमध्ये किती मिमी) असायला पाहिजे. नुसतं "प्रोफेशनल" लिहिलेलं असेल तर मशीन परत खोक्यात ठेवा. चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. ती असेल तर मशीनला दुहेरी इन्सुलेशन आहे, म्हणून तिला दोन पिनचा प्लग चालतो. ती खूण नाही, बॉडी धातूची आहे आणि प्लगही दोनच पिनचा, असं असेल तर घेऊ नका.

मग चालवून पाहा. दुकानदार कुरकुरला तरी चालवायचीच. ड्रिलमध्ये एक लांब बिट लावून फिरवा, टोक डोलत असेल तर चक वाकडा आहे. ट्रिगर हळूहळू दाबा, वेग हळूहळू वाढला पाहिजे. (हा पिस्तुलासारखा ट्रिगर आपल्याला साधा वाटतो, पण ब्लॅक अँड डेकर कंपनीला त्याचं पेटंट १९१७ मध्ये मिळालं. त्याआधीची हातड्रिल धरणं हेच एक काम होतं.) बंद केल्यावर कान द्या: मशीन घरघर न करता शांत थांबली पाहिजे. मागच्या जाळीतून निळसर बारीक ठिणगी दिसली तर चालेल, गोल आगीचं कडं दिसलं तर नको.

घ्यायची की भाड्यानं आणायची?

आता गणित. मी मशीन किती तास चालली ते वहीत लिहून ठेवतो. बायको हसते, पण धंद्यात उपयोगी पडतं.

स्वस्त ग्राइंडर: ११५० रुपये, चालला साधारण २५ तास. तासाला ४६ रुपये.
दुसरा: २७०० रुपये, त्यात दोनदा कार्बन आणि एक बेअरिंग मिळून ६००. एकूण ३३००. आजपर्यंत २२० तास. तासाला १५ रुपये, आणि अजून चालू आहे.

पण थांबा, यावरून प्रत्येकानं महागाची मशीन घ्यावी असं होत नाही. तुम्हाला वर्षातून दोनदा पडदे लावायचे, एकदा फोटो टांगायचा, एवढंच असेल तर २७०० ची ड्रिल घेऊन काय करता? समजा भाडं दिवसाला १५० रुपये. २७०० भागिले १५० म्हणजे १८ दिवस. तीन वर्षांत १८ दिवसांपेक्षा कमी लागणार असेल, तर सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडून किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून आणा. वर्षाला सहा दिवसांच्या पुढं गेलात तर स्वतःची घ्या. आणि हौसेचं काम दुसऱ्याला पैसे घेऊन करून द्यायला लागलात, की त्या दिवसापासून दिवस मोजू नका, स्वतःचीच हवी. भाड्याची मशीन नेमकी तुमच्या घाईच्या दिवशी दुसऱ्याकडं गेलेली असते.

पहिली मशीन: ड्रिल

घरासाठी पहिली मशीन ड्रिलच. १३ मिमी चक, ५५० ते ६५० वॅट, वेग कमी-जास्त होणारी, उलटी फिरणारी, आणि भिंतीसाठी इम्पॅक्ट असलेली. यात थोडं स्वस्त घेतलं तरी मी रागावणार नाही. ड्रिल बंद पडली तर काम थांबतं, जीव जात नाही.

मशीनपेक्षा भिंत ओळखा. आपल्याकडं एकाच घरात तीन जातीच्या भिंती सापडतात. जुन्या भागाची मातीची भिंत: तिथं इम्पॅक्ट लावलंत तर भोक मोठं होतं आणि प्लास्टिकची गिट्टी धरतच नाही. इम्पॅक्ट बंद करा, खोल भोक पाडा, लाकडी गुटका ठोका, मग स्क्रू. विटांची भिंत: ६ किंवा ८ मिमीचा बिट, इम्पॅक्ट चालू, गिट्टी मस्त बसते. आणि तिसरं स्लॅब-कॉलमचं काँक्रीट. घरगुती इम्पॅक्ट ड्रिलनं तिथं एखाद-दुसरं भोक पडतं, पण अंगाचा जोर लावावा लागतो आणि मशीन तापते. पंख्याचे हूक, पाइपचे क्लॅम्प अशी भोकं रोज पाडायची असतील तर ते काम रोटरी हॅमरचं, ज्यात खाचेचा एसडीएस बिट बसतो. ती मशीन स्वतः ठोके मारते, तुम्ही फक्त धरायचं. अर्धवट काम करणाऱ्या दोन ड्रिल घेण्यापेक्षा एक रोटरी हॅमर भाड्यानं आणलेला बरा.

ग्राइंडरमध्ये पैसा वाचवू नका

इथं मी कडक बोलणार आहे.

४ इंची ग्राइंडर रिकामा मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. चाकाच्या कडेचा वेग तेव्हा ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्यातला तुकडा सुटला तर तो तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतो. म्हणून चार गोष्टी.

एक, गार्ड. घट्ट बसणारा, फिरवून लॉक होणारा पत्र्याचा गार्ड नसेल तर मशीन घेऊ नका. घेतल्यावर काढू नका. ५ इंची चाक बसावं म्हणून गार्ड काढणारे आणि १६ मिमीच्या दांड्यावर २२ मिमीच्या भोकाचं चाक वायसर लावून बसवणारे मी रोज पाहतो. ७ इंची चाकावर कमाल वेग साधारण ८,५०० आरपीएम लिहिलेला असतो. ते ११,००० वर फिरवणं म्हणजे चाक फोडायलाच बसणं. चाकावरचा आरपीएम नेहमी मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त हवा. ४ इंची चाकावर तो १५,००० च्या पुढं असतो.

दोन, चाकाची तारीख. कापायच्या चाकाच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना-वर्ष छापलेलं असतं, ती मुदत आहे. आतला राळेचा गोंद ओलाव्यानं आणि काळानं कमजोर होतो. पावसाळ्यात भिजलेलं चाक वाळवून वापरू नका, फेकून द्या.

तीन, लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावायचं नाही. बाजारात ते मिळतं, बसतंही, आणि "सुतार तर वापरतात" हेही मला माहीत आहे. पण पातं लाकडात अडकलं की ग्राइंडर उसळतो आणि स्विच लॉक असल्यामुळं हातातून सुटल्यावरही फिरत राहतो. लाकूड कापायला सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ घ्या. परवडत नसेल तर हातकरवत आहे.

चार, दुपट्टा. आपण वऱ्हाडातली माणसं मार्चपासून डोक्याला-मानेला दुपट्टा गुंडाळतो, आणि तसेच कामाला बसतो. त्याचं लोंबतं टोक चाकात गेलं तर मान ओढली जाते. काम करताना दुपट्टा काढा किंवा टोपी घाला. डोळ्याला गॉगल म्हणजे बाजूनं बंद असलेला, नंबरचा चष्मा नव्हे. ड्रिल चालवताना ढिले हातमोजेही नकोत.

ग्राइंडर घेताना आणखी एक पाहा. स्विच बोटांनी दाबून ठेवावा लागणारा असेल, सोडला की बंद होणारा, तर थोडे जास्त पैसे द्या. हात थकतो, मान्य. पण थकलेल्या हाताला तो वाचवतो.

बॅटरीवाली घ्यावी का?

लाइट गेली तरी काम चालू, शेतात, बगीच्यात नेता येते. संत्र्याची वाळलेली सल काढायला बॅटरीची कात्री किंवा छोटी करवत घेणारे बगीचेवाले आता वरूड-मोर्शीकडं दिसतात. (घेतलीत तर रोगट झाड कापल्यावर पातं निर्जंतुक करूनच पुढच्या झाडाला लावा, नाहीतर मशीन डिंक्या पण वाटत फिरेल.)

पण आकडे नीट वाचा. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर २१. म्हणजे कुणी "१८" लिहितं, कुणी "२० मॅक्स", कुणी "२१", बॅटरी तीच. आणि डब्यावर "४८ व्हीएफ" किंवा "८८ व्हीएफ" दिसलं तर हसून पुढं जा. आतमध्ये बहुधा तेच पाच-पाच सेल असतात. पाहायचं ते अँपिअर-तास. १८ व्होल्ट, २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ८५० वॅटच्या ताकदीनं ग्राइंडर चालवला तर एवढी बॅटरी अडीच मिनिटांत संपते. म्हणून स्क्रू, छोटी भोकं, कात्री यांना बॅटरी चांगली. लोखंड कापायला तारेवरचीच.

एकदा एका कंपनीची बॅटरी घेतली की पुढची मशीनही त्याच बॅटरीवर चालणारी घ्या. आणि मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका. बहुतेक माहितीपत्रकांत चार्जिंगची वरची मर्यादा ४० ते ४५ अंशांच्या आसपास असते, आणि आपल्या शेडमध्ये दुपारी तेवढं सहज होतं. घरात थंड होऊ द्या, मग संध्याकाळी चार्ज करा.

वायर

चांगली मशीन खराब वायरवर जळते. ८५० वॅटचा ग्राइंडर पावणेचार अँपिअरच्या आसपास करंट घेतो, सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त. अंगणापासून गोठ्यापर्यंत ५० मीटर बारीक वायर ओढली की व्होल्टेज वाटेतच पडतं, त्यात गावची लाइन आधीच ढिली. मशीन जोर लावते आणि तापते. दीड स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर घ्या. रीळ असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतल्या आत गरम होते. आणि घरच्या बोर्डावर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी नसेल तर पहिली खरेदी ती.

बिल

पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय वॉरंटी नाही. पॉवर टूलवर १८ टक्के जीएसटी असतो. तुमची नोंदणी नियमित योजनेत असेल तर बिलावर स्वतःचा नंबर टाका, तो कर वळता मिळतो. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही.

"धंद्यासाठी घेतली म्हणजे ग्राहक नाही" असं कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका. स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहकच आहात. हेल्पलाइन १९१५.

आणि तुम्ही लोहार, सुतार, गवंडी यांच्यापैकी हातानं काम करणारे असाल तर पीएम विश्वकर्मा योजना पाहा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यात १५,००० रुपयांपर्यंत टूलकिटची मदत मिळते, नोंदणी सीएससी केंद्रात होते. अठरा व्यवसायांची यादी आहे. "फॅब्रिकेशन" असा वेगळा व्यवसाय त्यात नाही, त्यामुळं अर्ज करण्याआधी आपला व्यवसाय यादीत बसतो का ते विचारा. घरातल्या एकालाच लाभ मिळतो.

आता गृहपाठ. घरात आज ज्या मशीन आहेत त्या टेबलावर मांडा. प्रत्येकीचा मॉडेल नंबर वहीत लिहा, कार्बन काढून त्याची लांबी मोजा, आणि तो कार्बन मोर्शीत मिळतो का ते या आठवड्यात एका दुकानात विचारून या. मिळत असेल तर एक जोडी घेऊन मशीनच्या डब्यात टाकून ठेवा. नसेल मिळत, तर त्या मशीनवर पुढची ऑर्डर घेऊ नका. पुढच्या धड्यात वेल्डिंग मशीन, तिथं घरच्या मीटरचा लोड आडवा येतो, त्यामुळं विजेचं शेवटचं बिल शोधून ठेवा.